घरी हवामान यंत्र बसवलेल्या कोकणातल्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत गच्चीवर, पडवीच्या टोकाला, बागेतल्या खांबावर ही पांढरी यंत्रं दिसायला लागली आहेत. कुणी कलमांसाठी घेतलं, कुणी हौसेपोटी. कुणाच्या मुलानं मुंबईहून पाठवून दिलं, म्हणजे घरी फोन करून ‘पावस इलो काय?’ विचारायला नको, त्याला तिथल्या तिथे मोबाइलवर दिसतं. माझ्याकडेही एक आहे आणि मला ते आवडतं. पण मे महिन्यात एखादी वळवाची सर कोसळली की अर्ध्या तासात गावच्या ग्रुपवर आकड्यांची जी खिरापत सुरू होते, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. ‘आमच्याकडे ४२.’ ‘आमच्याकडे ६८.’ ‘६८ कसा? आम्ही दोन किलोमीटरवर, इथे ९ पण नाही.’ मग दोन हसरे चेहरे, एक शुभ रात्री, आणि विषय संपला. आठवड्यानं कुणी विचारलं की त्या दिवशी नक्की किती पडला, तर एकाकडेही लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या यंत्रांची खरी गरज पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात आहे. आणि नेमका उन्हाळ्यातला पाऊस आपण सगळ्यात वाईट मोजतो.

पावसाळ्याचं बघा. किनारपट्टीला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, आंबोलीसारख्या ठिकाणी त्याच्या दुपटीहून जास्त. त्यात तुमच्या यंत्रानं जुलैच्या एखाद्या दिवशी वीस मिलिमीटर कमी दाखवले तर शेतात काही फरक पडत नाही. कोकणच्या पावसाकडे मोजदादीच्या पलीकडचा म्हणून बघायची रीत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी हातभर तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. कुठल्या प्रदेशात किती पाऊस पडतो याचे आकडेही दिलेत: रुक्ष मुलखात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस. अपरांताची, म्हणजे आपली, पाळी आली तेव्हा त्यानं आकडाच दिला नाही, अमित म्हणून सोडून दिलं. दोन हजार वर्षांनंतर आपलंही तेच चाललं आहे. ‘हो, पडला की भरपूर.’

उन्हाळ्यात मात्र हिशेब मिलिमीटरचा असतो. मोहोर असताना शिंतडा पडला की करपा रोगाची भीती, आदल्या दिवशी केलेली फवारणी धुऊन गेली की नाही हा प्रश्न. ती पुन्हा करायची तर औषध, मजुरी, पंपाचं पेट्रोल, सगळं पुन्हा. एप्रिल-मेमध्ये फळ तयार होत असताना दोन सरी आल्या की फळावर डाग पडतात आणि फळमाशी वाढते. गोळा केलेली काजू बी खळ्यात वाळत असते, आमसुलं वाळत असतात, बंदरावर सुकट घातलेली असते, उरण-पेणकडे मिठागरं भरात असतात. या सगळ्यांना पाच मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटर यांतला फरक कळतो. फळपीक विम्यात अवेळी पावसाचा निकषही असाच थोडक्या मिलिमीटरांवर येऊन ठेपतो.

त्यातून वळीव म्हणजे लहरी. दुपारी सह्याद्रीच्या अंगाला ढग चढतात, तिन्हीसांजेला गडगडत खाली उतरतात. कधी वैभववाडी-कणकवलीलाच रिकामे होतात, कधी देवगडच्या किनाऱ्यापर्यंत येतात. खाडीच्या या काठाला पाणी वाहतं आणि पलीकडच्या काठाला धुरळा उडत असतो. पावसाळी ढगांनाही असं करता येतं म्हणा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ पडला होता. पण पावसाळ्यात असा दिवस अपवाद असतो आणि वळवाची ती रोजची चाल. विम्याचा निवाडा मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्रावर होतो. एका महसूल मंडळात पुष्कळ गावं येतात, आणि केंद्र सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, असलं तर खाडीकाठच्या बागेत काय झालं ते त्याला दिसत नाही. यात त्या केंद्राचा दोष नाही. एका भांड्याला त्याच्या तोंडात पडतो तेवढाच पाऊस कळतो. उद्या गावोगावी केंद्रं आली तरी एका गावात पाच वाड्या आणि मधे डोंगर असतोच.

म्हणून आपण. आपली यंत्रं त्या मधल्या रिकाम्या जागांत उभी आहेत. फक्त त्यांचे आकडे विश्वास ठेवण्याजोगे हवेत, आणि आज ते तसे नाहीत. कडू वाटेल, पण का ते सांगतो.

बहुतेक घरगुती यंत्रांत वर गाळणं आणि आत दोन खणांचं एक छोटं भांडं असतं. एक खण भरला की ते त्या बाजूला कलंडतं, रिकामं होतं आणि दुसरा खण भरायला लागतो. दर कलंडण्याला ०.२ मिलिमीटर किंवा त्याच्या जवळपास पाऊस धरला जातो. युक्ती सुंदर आहे, पण आपल्या उन्हाळ्यात तिची परीक्षा होते. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गाळण्यात पाणी फारसं पडत नाही. पडते जांभ्याची तांबडी धूळ, मोहोराचा चुरा, बुलबुलांची विष्ठा. कोळी जाळं करतो, कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते. हे कुणाला दिसत नाही, कारण कन्सोलवर, म्हणजे घरातल्या पडद्यावर, बहुतेक रोज शून्य येतं आणि शून्य बरोबरच असतं. मग पहिला वळीव येतो. वीस मिनिटांत कोसळून थांबतो, पण तुमच्या आलेखात पहाटेपर्यंत बारीक रिमझिम दिसते. ती रिमझिम नसते, तुंबलेलं गाळणं गळत असतं. असा आलेख दिसला की शिडी लावा. खरं तर होळीच्या आधीच एकदा लावावी आणि त्यानंतर पंधरवड्यानं पुन्हा.

उलट चूकही होते. माघात रात्री दाट दव पडतं आणि चांदण्या स्वच्छ दिसत असताना यंत्र ०.२ मिलिमीटर पाऊस दाखवतं. खांब पातळ असेल तर वादळी वाऱ्यात तो थरथरतो आणि आतलं भांडं पाण्याशिवायच डुलतं. आगरात पोफळींना शिंपणं चालू असेल तर विचारायलाच नको. अर्धा भरलेला खण दुसऱ्या दिवशीच्या उन्हात आटून जातो आणि तेवढा पाऊस हिशेबात येतच नाही. मोठ्या सरीत आणखी एक भानगड. तासाला शंभर मिलिमीटरच्या वेगानं पाणी येत असेल तर ०.२ चं भांडं दर सात सेकंदांनी कलंडतं, आणि कलंडत असताना वरून येणारं पाणी नीट मोजलं जात नाही. म्हणजे सर जितकी जोराची तितका आकडा कमी. बऱ्याच जणांची समजूत उलटी असते, की यंत्र आहे म्हणजे जोराच्या पावसात तेच खरं.

जागेचा प्रश्न तर आपल्याकडे सुटणाराच नाही, एवढी झाडं. नियम असा की अडथळा जितका उंच त्याच्या दुप्पट तरी अंतर राखावं. पंधरा मीटरचा माड असेल तर तीस मीटर लांब जायला हवं, आणि आपल्या आगरात तीस मीटरमध्ये आणखी वीस माड येतात. म्हणून लोक यंत्र गच्चीवर नेतात. तिथे कठड्यावरून उसळलेला वारा थेंब उडवून नेतो. शिवाय या सर्वसमावेशक यंत्रांत वारा आणि पाऊस एकाच खांबावर मोजतात, आणि दोघांच्या मागण्या एकमेकांच्या विरुद्ध आहेत. वारा मोजायला प्रमाण उंची दहा मीटर. पाऊस मोजायला तोंड जमिनीजवळ हवं. आपल्या सरकारी साध्या पर्जन्यमापकाचं तोंड फूटभरच उंच असतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तसल्या दिवशी उंच खांबावरचा पर्जन्यमापक किती थेंब पकडणार? तुम्हाला पाऊस महत्त्वाचा असेल तर यंत्र खाली आणा, खळ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात, गडग्यापासून दूर. वाऱ्याचा आकडा बिघडेल. बिघडू द्या. आणि आदर्श जागा नसेलच तर आहे त्या जागेचे चारी दिशांनी फोटो काढून ठेवा, उंची आणि जवळच्या झाडांचं अंतर लिहून ठेवा. आकडा वाचणाऱ्याला त्याचा कच्चेपणा कळला तरी पुष्कळ झालं.

यंत्र खरं बोलतं का ते घरी तपासता येतं. तोंडाचा व्यास मोजा. समजा सोळा सेंटिमीटर आहे, तर क्षेत्रफळ जवळपास दोनशे चौरस सेंटिमीटर होतं, आणि दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे दोनशे मिलिलिटर पाणी. औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणा, साध्या पाण्याची बाटली तिला जोडा आणि दोनशे मिलिलिटर तासाभरात थेंबथेंब गाळण्यात सोडा. कन्सोलवर दहाच्या जवळपास यायला हवं. साडेआठ आलं तर आपलं यंत्र कमी दाखवतं हे कळलं. काही यंत्रांत आतले स्क्रू फिरवून दुरुस्त करता येतं, नाहीतर गुणक लिहून ठेवायचा. तांब्यानं भसकन पाणी ओतून तपासू नका, त्यातून काही कळत नाही.

पण माझं ऐकाल तर यंत्राच्या शेजारी एक साधा पर्जन्यमापक ठेवा. अगदी साधा: बुडापासून तोंडापर्यंत सरळ भिंतीची काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी, तिच्यात पाण्याची जेवढी उंची तेवढा पाऊस. उन्हाळ्यातल्या दोन-चार मिलिमीटरांसाठी ती फार ढोबळ होते, म्हणून पंधरा सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं आणि खाली पाच सेंटिमीटर व्यासाची नळी असा जोड करा. क्षेत्रफळात नऊपट फरक असल्यामुळे एक मिलिमीटर पाऊस नळीत नऊ मिलिमीटर चढतो आणि शाळेच्या पट्टीनं वाचता येतो. नळीचं तोंड अरुंद असल्यानं पाणी आटतही नाही पटकन. याला बॅटरी लागत नाही, वायफाय लागत नाही. वळीव आला की आपल्याकडे पहिली जाते ती लाईट, मग राउटर, आणि नेमक्या त्या दोन तासांच्या जागी काही ॲप सरळ शून्य दाखवतात. बरणीला हे प्रकार माहीत नसतात.

अमेरिकेत हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर घेऊन झाला आहे. १९९७ च्या जुलैत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात एका बाजूला ढगफुटीसारखा पाऊस पडला, माणसं गेली, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यामानानं किरकोळ सर होती. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यापीठातून ‘कोकोराझ’ नावाचं स्वयंसेवकांचं जाळं सुरू झालं, ते आता देशभर आहे. त्यांचा आग्रह चार इंची तोंडाच्या साध्या नळीच्या पर्जन्यमापकाचा. स्वयंचलित यंत्राचा आकडा त्या जागी चालत नाही. आणि पाऊस पडला नाही तर तेही रोज कळवायचं, हा दुसरा आग्रह. मला हा दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याच्याकडे येतो, पण आधी वेळेचं. कारण ग्रुपवरचे निम्मे वाद पावसाचे नसतात, घड्याळाचे असतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो, आणि तो आकडा वाचल्या दिवसाच्या तारखेवर लिहिला जातो. १९ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस सरकारी तक्त्यात २० तारखेला सापडतो. आपलं यंत्र मात्र मध्यरात्री बाराला शून्यावर येतं. वळीव नेमका रात्रीचा. समजा अकरा ते एक पाऊस झाला, बाराच्या आधी ४० आणि नंतर ३०. तुमच्या ॲपवर दोन दिवस दिसतील, ४० आणि ३०. खात्याच्या रीतीनं तो एकच दिवस, ७० मिलिमीटर. अतिवृष्टी धरायला २४ तासांत ६५ हवा असतो. म्हणजे ॲपच्या चित्राच्या भरवशावर तुम्ही अतिवृष्टी झालीच नाही असं धरून बसाल. काही कन्सोलमध्ये दिवस कधी सुरू धरायचा ते बदलता येतं. येत नसेल तर तासवारी आकड्यांची बेरीज करा. आणि यंत्राचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना ते एकदा बघा. साडेपाच तासांचा फरक पडलेली यंत्रं मी आपल्याच भागात पाहिली आहेत. बरणीवाल्यांना हा त्रास नाही. साडेआठला वाचा, लिहा, ओता.

आता शून्याचं. आपण, विशेषतः बागायतदार, पाऊस पडला की लिहितो, त्यातही जास्त पडला की. नुकसान झालं की वही उघडतो. असा कागद घेऊन कुठल्याही कार्यालयात गेलात तर समोरचा माणूस मनात काय म्हणेल? म्हणेल, यांच्याकडे पाऊस फक्त नुकसानीच्या दिवशीच पडतो. आणि त्याचं चुकणार नाही. आपला पैसा गुंतलेला आहे हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे आपल्या नोंदीला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कडक राहावं लागेल. वही नोव्हेंबरात सुरू झाली पाहिजे, मोहोराच्या आधी. रोज सकाळी एक ओळ, बहुतेक दिवस ०. चार थेंब पडले आणि नळीत मोजण्याइतकं काही नाही तर ‘थेंब’ लिहा. फवारणीच्या दृष्टीनं तेही लागतं. गावाला गेलात आणि वाचलं नाही तर जागा रिकामी ठेवा, शून्य नको. रिकामी जागा आणि शून्य एक केलं की सगळी वही संशयात जाते. परत आल्यावर नळीत पाणी सापडलं तर इतक्या दिवसांचं एकत्र म्हणून लिहा. यंत्राचा आकडा आणि बरणीचा आकडा असे दोन रकाने करा, जुळले नाहीत तरी. एकाला दुसऱ्यासारखं करायचा मोह आवरा.

आणि रोजच्या रोज ग्रुपवर टाका, पण गप्पांच्या ग्रुपवर नको. तालुक्याचा एक वेगळा, जिथे फक्त वाडी, तारीख आणि आकडा. आंब्याचा भाव नाही, आणि शुभ सकाळ तर नाहीच. आधी जाहीर झालेला आकडा नंतर कुणी फुगवला असं म्हणता येत नाही, एवढा त्याचा साधा फायदा आहे.

याचा उपयोग काय, असं काही जण विचारतीलच, तर जास्तीच्या आशा लावत नाही. विमा करारात लिहिलेल्या केंद्रावर चालतो, तुमच्या खळ्यातल्या बरणीवर नाही, आणि तुमचा आकडा मान्य करण्याचं कुणावर बंधन नाही. पण एका खोऱ्यातल्या चार वाड्यांच्या, मोहोराआधीपासूनच्या, शून्यांसकट लिहिलेल्या नोंदी एका बाजूला आणि मंडळाचा कोरडा आकडा दुसऱ्या बाजूला असं दोनतीन हंगाम दिसलं, तर केंद्राच्या जागेबद्दल लेखी प्रश्न विचारता येतो. आज आपण फक्त आरडाओरडा करू शकतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात कुणी करप्याचा आणि पावसाचा संबंध तपासत असेल तर त्यालाही अशा वह्या कामाच्या ठरतील. आणि हे काहीच झालं नाही तरी उद्या फवारायचं की थांबायचं हे ठरवताना स्वतःच्या बागेतला आकडा हाताशी असतो. माझ्यापुरतं तेवढ्यावर भागतं.

२०२५ चा मे आठवा. २४ तारखेला मान्सून केरळात आला, त्याच दिवशी अरबी समुद्रातलं डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं, २५ ला मान्सून देवगडापर्यंत आणि २६ ला मुंबईत. झाडावर अजून आंबा होता. वळीव कुठे संपला आणि मान्सून कुठे सुरू झाला हे बागेत उभं राहून कुणालाच सांगता आलं नसतं. त्या आठवड्याचे वाडीवाडीचे रोजचे आकडे आज कुणाकडे आहेत? असतील तर काढा. मोडके-तोडके असले तरी चालतील, फक्त कसे मोजले ते सोबत लिहा.

ज्यांना बरणी-नळीचा जोड जमत नाही त्यांनी आपलं नरसाळं घेऊन या, माझ्याकडच्याशी लावून बघू. बाकीच्यांनी निदान आज रात्री एवढंच बघा, की तुमचं यंत्र कितीला शून्यावर येतं.

आपला,
देवगड तालुक्यातला एक आंबा बागायतदार